भिंगरीच्या मापाची गोळी

सदर महिला, वय वर्षे त्रेचाळीस, उंची मध्यम, बांधा काटक, धंदा शिवणकाम. शिक्षण शाळेपुरते, पैकी शेवटचे वर्ष दोनदा, कारण पहिल्या खेपेला ती परीक्षेच्या केंद्रावर वेळेआधी पोहोचली होती, परंतु केंद्र दुसरे होते. वैवाहिक स्थिती : विवाहित. पूर्वीचे आजार : नाहीत, धांदरटपणा आहे, तथापि कुटुंबाच्या मते तो आजार नसून स्वभाव आहे. व्यसन : चहा, जो ती करते आणि विसरते. ओळखीची खूण : गळ्यात टेप, जी ती शोधत असते.

हे वर्णन कुठल्या दप्तरात नाही, पण असतं तर तिने हरकत घेतली नसती. सहीसाठी पेन मागितलं असतं आणि ते खिशात घालून निघून गेली असती.

आईबापांनी ठेवलेलं नाव तिला होतंच, पण दुकानात सगळे तिला भिंगरी म्हणत. हे नाव दुकानात कापड कापणाऱ्या मास्तरांचं. ती लग्न होऊन आली आणि नणंदेच्या शिलाईच्या दुकानात मदतीला लागली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिने एका गिऱ्हाइकाचं माप घेता घेता दुसऱ्याला बटणं दाखवली, तिसऱ्याला पाणी दिलं, आणि पहिला माणूस हात वर करून तसाच उभा राहिला. मास्तर कात्री खाली ठेवून म्हणाले, "ही भिंगरी थांबली की त्या माणसाला हात खाली घ्यायला सांगा." भिंगरी काही थांबली नाही. नाव मात्र चिकटलं.

दुकान दोन खोल्यांचं. पुढे काउंटर, उभा आरसा आणि नणंदबाई. मागे चार शिलाई मशिनं, इस्त्रीचं टेबल, आणि खिडकीशी काजं-बटणं करणारी बाई, जिला सगळे काजवाली म्हणत आणि जिच्या तोंडाला काज होतं पण बटण नव्हतं. या दोन खोल्यांच्या मधोमध कटिंगचं टेबल. जाड लाकडाचं, कडेला पितळी पट्टी ठोकलेली, आणि एका बाजूला मास्तरांच्या पोटाने इतकी वर्षं घासून घासून किंचित खोलगट झालेलं. या टेबलाचे दोन कायदे होते. कापडाला कात्री लागली की दुकानात कुणी बोलायचं नाही. आणि टेबल पुसायचं ते कटरनेच. दुसऱ्या कुणी त्याला फडकं लावायचं नाही. नणंदबाई दुकानाच्या मालकीण होत्या, पण टेबलावर धूळ दिसली तरी बोटाने दाखवायच्या, स्वतः पुसायच्या नाहीत.

भिंगरीचं काम मापं घेण्याचं, अस्तरं आणि खिसे कापण्याचं. तिची नजर तयार होती. माणूस दारातून आत आला की त्याचा कुठला खांदा उतरलाय, कुठला पाय आखूड आहे, हे तिला दिसायचं. दिसायचं आणि काउंटरपासून टेबलापर्यंतच्या चार पावलांत नाहीसं व्हायचं. एका वकिलाचा डावा खांदा उतरलेला तिने ओळखला आणि उजवा उतरवून लिहिला. तयार कोट घालून तो वकील आरशासमोर उभा राहिला, तेव्हा काजवाली म्हणाली, "साहेब कुणाला तरी वाकून बघतायत असं वाटतंय." दुसरा एक कोट ती पोचवायला निघाली आणि बसमध्ये ठेवून आली. बसवाल्यांनी परत आणून दिला, तेव्हा ती त्याच बसमध्ये, त्याच रस्त्याने, तो शोधायला गेलेली होती.

तिला स्वतःला कापणी करायची होती. अस्तरांची नाही, कोटाची. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण मास्तर कापत असताना ती ज्या पद्धतीने श्वास धरून उभी राहायची, त्यावरून काजवालीलाही ते कळलेलं होतं.

आता या प्रकरणात औषध कुठून आलं ते सांगायला हवं.

भिंगरीचा नवरा शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस. बाटल्यांना लेबलं लावणं, परीक्षानळ्या धुणं आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी वर्गात सांगितलेलं टेबलावर खरं करून दाखवणं, हे त्याचं काम. माणूस शांत, पण पद्धतीचा. घरात पिठाच्या डब्यावरही तो भरल्याची तारीख चिकटवायचा. एकदा शाळेत चुळबुळ्या मुलांविषयी शिक्षकांना समजावून सांगायला एक डॉक्टरबाई आल्या. पडद्यावर चित्रं दाखवायचं यंत्र याच्या हातात. एक चित्र पुढे सरकवलं : वस्तू हरवतात. दुसरं : ऐकताना मन दुसरीकडे जातं. तिसरं : काम सुरू होतं, संपत नाही. पाचव्या चित्राला त्याने यंत्र थांबवून विचारलं, "डॉक्टर, हे मुलांबद्दलच आहे ना?"

"का हो?"

"नाही, म्हणजे माझ्या बायकोचं चरित्र चाललंय."

शिक्षक हसले. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. मुलं मोठी होतात, म्हणाल्या, आणि काहींच्या बाबतीत हेही त्यांच्याबरोबर मोठं होतं.

घरी आल्यावर त्याने तिला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती.

"म्हणजे मला आजार आहे?"

"तपासून बघू म्हणतोय."

"आई म्हणायची मला अक्कल नाही. ते बरं होतं हो, त्याला दवाखान्यात जावं लागत नव्हतं."

पण ती गेली. दोनदा गेली, कारण पहिल्यांदा चुकीच्या वारी गेली. डॉक्टरबाईंनी बरंच काही विचारलं, लहानपणचं, शाळेचं, झोपेचं, मनाला उदासी येते का, घरात कुणाला हृदयाचं दुखणं होतं का. भिंगरीच्या मोठ्या बहिणीला बोलावून घेतलं. बहिणीने तासभर उत्साहाने चुगल्या केल्या. शेवटी निदान झालं. नाव इंग्रजी, चार अक्षरांचं; अर्थ, लक्ष जागेवर न राहण्याचा विकार. भिंगरीने ते ऐकलं आणि रडेल असं नवऱ्याला वाटलं, पण तिने विचारलं, "म्हणजे हे सगळं मी मुद्दाम करत नव्हते?"

"नव्हता," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"तसं लिहून द्या. माझ्या नणंदेला दाखवायचंय."

त्याच सुमाराला मास्तरांनी जाहीर केलं की आता त्यांच्याने होत नाही. हात थरथरत नव्हते, पण नजर दुपारनंतर दगा द्यायची. पावसाळा संपला की ते मुलीकडे राहायला जाणार होते. टेबल रिकामं होणार. नणंदबाईंच्या डोक्यात बाहेरचा एक कटर होता, दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानातला, हात साफ आणि तोंड खराब. भिंगरीने ऐकलं आणि काउंटरसमोर जाऊन उभी राहिली.

"वन्सं, टेबल मला द्या."

नणंदबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. वन्सं अशी हाक आता फारसं कुणी मारत नाही, पण भिंगरीला ती लग्नात शिकवली होती, आणि एकदा डोक्यात बसलेली गोष्ट तिच्या डोक्यातून जात नसे. बसायलाच वेळ लागे.

"तुला?"

"मला."

"आणि गिऱ्हाइकाच्या कोटाला तीन बाह्या आल्या तर?"

"चौथी मोफत देऊ," मागून काजवाली म्हणाली.

नणंदबाईंनी उठून कपाटातून कापडाचा एक गठ्ठा काढला. लोकरीचं, गडद चौकडीचं, एका बाजूने मऊ लव असलेलं. "मास्तरांनी जन्मभर लोकांचे कोट कापले. त्यांच्या मापाचा एक कोट त्यांच्याकडे नाही. निघायच्या आत तू काप. एकटीने. त्यांना तो झाला, तर टेबलाचं बघू. नाही झाला, तर मी त्या दुसऱ्याला सांगून ठेवलंय."

चौकडीचं कापड म्हणजे कटरची खरी परीक्षा. साधं कापड दुमडून ठेवलं की एका कापात डावी-उजवी दोन्ही बाजू निघतात. चौकडी दुमडली की खालची रेघ सरकते. म्हणून कापड उलगडून एकेक बाजू वेगळी कापायची, आणि दुसरी बाजू कापताना कागदी खाका पालथा घालायचा. लव असलेल्या कापडाला सुलट-उलट असते, त्यामुळे पालथं घालायला विसरलं तर दोन्ही बाजू एकाच हाताच्या निघतात आणि कापड उलटवून भागत नाही. हे शिलाईच्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. भिंगरीला वीस वर्षं माहीत होतं.

दवाखान्यात डॉक्टरबाई समजावत होत्या. या आजारावरच्या औषधांत ज्यांना उत्तेजक म्हणतात त्यांची दोन घराणी आहेत. एक मिथिलफेनिडेटचं, दुसरं अॅम्फेटामीनचं. नणंदबाई मुद्दाम सोबत आल्या होत्या. त्यांनी उत्तेजक हा शब्द ऐकला आणि पदर सावरला.

"हिला उत्तेजन? डॉक्टर, हिला ब्रेक द्या."

"ब्रेक आहे त्यांना. तो दाबायलाच जोर कमी पडतो. गोळी तो जोर देते."

"यातली चांगली कोणती?" नवऱ्याने विचारलं. त्याच्या खिशात पेन्सिल तयार होती.

"दोन्ही चांगल्या. अभ्यास बघितले तर मोठ्या माणसांमध्ये दुसरीचं पारडं किंचित जड दिसतं. पण अभ्यासातला माणूस सरासरीचा असतो."

"म्हणजे रेडिमेड," भिंगरी म्हणाली.

डॉक्टरबाईंनी मान डोलावली. "हो. तसंच."

"मग माझं माप वेगळं असेल."

"असू शकतं. कुणाला एक बसते, कुणाला दुसरी, बहुतेकांना दोहोंतली एक तरी. कुणाला कुठलीच नाही, मग वेगळ्या जातीची औषधं आहेत. आधीच सांगता येत नाही. लहान मात्रेपासून सुरू करायचं, बघायचं, थोडं वाढवायचं, पुन्हा बघायचं."

"ट्रायल," भिंगरी नवऱ्याला म्हणाली. "कच्चा टाका घालून अंगावर चढवून बघतात तसं. मी उगीच घाबरले होते."

मग डॉक्टरबाईंनी नाडी मोजली, रक्तदाब मोजला, वजन घेतलं. भूक कमी होईल, तोंड कोरडं पडेल, झोप सरकेल, छातीत धडधडलं तर लगेच कळवायचं. गोळी सकाळीच घ्यायची. कुलपात ठेवायची. कुणाला द्यायची नाही, कितीही मागितली तरी. पहिली गोळी मिथिलफेनिडेटची, दिवसाचा मोठा भाग पुरेल अशी. काही आठवड्यांनी दुसरी, लिसडेक्सॅम्फेटामीन नावाची, तिचा पल्ला आणखी लांब. ही दोन नावं दुकानात कुणाला उच्चारता आली नाहीत. भिंगरीने पहिलीला हाफ म्हटलं आणि दुसरीला फुल, बाह्यांसारखं, आणि सगळ्यांना लगेच कळलं.

इथे नवऱ्यातला प्रयोगशाळेचा माणूस जागा झाला.

"तुलना करायची तर नीट करायला हवी," तो त्या संध्याकाळी म्हणाला. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं तेच. तेच कापड, तोच खाका, तीच कात्री. हाफवर असताना कोटाची एक बाजू काप. फुलवर असताना दुसरी. मग दोन्ही शेजारी ठेवून बघू, कुठल्या गोळीचा हात सरळ."

भिंगरीला कल्पना फार आवडली. "आणि पहिली बाजू मला दिसता कामा नये. नाहीतर दुसरी कापताना मी तिची नक्कल करीन."

"अर्थात. मी शाळेच्या कपाटात ठेवतो. किल्ली माझ्याकडे."

शंका कुणालाच आली नाही. दोन पद्धतशीर माणसं एकत्र आली की असं होतं. यात एक तर पद्धतशीर नव्हतीच, पण त्या आठवड्यात तिला तसं वाटत होतं.

हाफ सुरू झाली. पहिल्या मात्रेला काही झालं नाही. मात्रा वाढली आणि एके दिवशी सकाळी भिंगरीने चहा केला, आणि प्यायली. गरम. नवऱ्याने हे पाहिलं आणि दारातून निघताना वळून पुन्हा एकदा कपाकडे पाहिलं. दुकानात एक गिऱ्हाईक आलं, तिने त्याचा खांदा पाहिला आणि तो खांदा टेबलापर्यंत तिच्याबरोबर आला. डावा होता, डावा राहिला. मास्तरांना मनातून भीती होती की औषधाने पोरीची नजर जाईल, ते भिरभिरणं गेलं की ते दिसणंही जाईल. तसं काही झालं नाही. पूर्वी दिसायचं आणि सांडायचं, आता दिसायचं आणि राहायचं, इतकंच. दुपारी चारनंतर मात्र गोळी उतरायची. तेव्हा ती चिडकी व्हायची, दोरा सुईत जात नसे, आणि काजवालीने नुसतं "काय गं" म्हटलं तरी "काय काय गं?" असं उत्तर यायचं. तासाभराने ती पुन्हा पूर्वीची भिंगरी. रात्री पोटभर जेवायची.

या काळात एका सकाळी तिने मास्तरांच्या कोटाची पहिली बाजू कापली. पुढचा पल्ला, पाठीचा अर्धा भाग, बाही. दुकान गप्प होतं. चौकडी रेघेला रेघ. नवऱ्याने ती बाजू खाकी कागदात गुंडाळली, त्यावर लेबल लावलं आणि शाळेत नेली.

मग फुल. ही हळूहळू चढायची. सकाळचा पहिला तास नुसताच जायचा आणि मग सगळं सपाट, रुंद, शांत. चारला हाफसारखा उतरणीचा कडा नव्हता. संध्याकाळपर्यंत हात तसाच. काजवालीने मत दिलं की हाफ ही धबधब्यासारखी आहे आणि फुल पाटाच्या पाण्यासारखी, आणि जाता जाता विचारून घेतलं, "मला दे की एखादी. काजं पटापट होतील."

"नाही."

"अगं एक."

"माझ्या मापाची आहे. तुझ्या अंगावर उसवेल."

"बघा, गोळी घेतली आणि कंजूष झाली."

पण फुलने भूक नेली. दुपारचा डबा तसाच परत जायचा. रात्री नवरा जेवत असताना ती पाणी पीत बसायची, आणि अंथरुणावर पडल्यावर तिला उद्याच्या कॉलरचे विचार यायचे, नीट, क्रमाने, न थांबता. एकदा तर तिने एकाच कॉलरवर अख्खी दुपार घालवली. कॉलर उत्कृष्ट झाली. गिऱ्हाइकाने सदरा बिनकॉलरचा सांगितला होता.

या काळात तिने कोटाची दुसरी बाजू कापली. तोच खाका, तेच कापड, सकाळचीच वेळ, दुकान तसंच गप्प. नवऱ्याने ती बाजू दुसऱ्या कागदात गुंडाळली आणि दुसरं लेबल लावलं.

डॉक्टरबाईंकडे ती ठरवूनच गेली. रक्तदाब दोन्हींवर ठीक होता, नाडी फुलवर जरा जलद, वजन थोडं उतरलेलं.

"काम दोन्हींवर सारखंच वाटतं," भिंगरी म्हणाली. "पण मला कात्री सकाळी चालवायची असते. चारनंतर दुकानात नुसती मापं आणि गप्पा. तिथे भिंगरी चालते, किंबहुना लागतेच. आणि मला रात्री ह्यांच्याबरोबर जेवायचंय. मला हाफ द्या."

"चारनंतरचा चिडचिडेपणा?"

"तो तासभर मी इस्त्री करते. कपड्यांना कळत नाही."

डॉक्टरबाईंनी लिहून दिलं. निघताना म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा. गोळी लक्ष धरून ठेवते. ते कुठे ठेवायचं हे तिला माहीत नसतं." भिंगरीने मान हलवली आणि छत्री तिथेच विसरली. चार वाजून गेले होते.

मास्तर निघायच्या आदल्या आठवड्यात दोन्ही बाजू जोडून त्यांच्या अंगावर कच्ची ट्रायल घ्यायचं ठरलं. संध्याकाळी पाचला, नवऱ्याची शाळा सुटल्यावर. तो दोन पुडकी काखेत धरून आला, जणू त्यांत काही स्फोटक होतं. टेबलाभोवती सगळे जमले. मास्तर स्वतःचा सदरा नीट खोचून उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच ते त्या टेबलाच्या गिऱ्हाइकाच्या बाजूला होते. नणंदबाई काउंटर सोडून आल्या.

नवऱ्याने पहिलं पुडकं उघडलं. "हाफ." पुढचा पल्ला आणि बाही टेबलावर पसरली, लव वर. दुसरं उघडलं. "फुल." दुसरा पल्ला आणि बाही शेजारी.

कुणी कात्री उघडलेली नव्हती, तरी दुकान गप्प झालं.

छातीच्या खिशाची खूण पहिल्या पल्ल्यावर डावीकडे होती. दुसऱ्यावरही डावीकडे. दोन्ही बाह्यांचा बाक एकाच दिशेला. मास्तरांच्या कोटाच्या दोन डाव्या बाजू तिथे पडल्या होत्या आणि उजवी बाजू जगात नव्हती.

"पालथा," मास्तर हळूच म्हणाले. एवढंच.

भिंगरीने खिशाच्या दोन्ही खुणांवर बोट ठेवून पाहिलं. खाका पालथा घालायचा होता. एकाच दिवशी दोन्ही कापल्या असत्या तर हाताने आपोआप घातला असता. पहिली बाजू समोर दिसली असती तरी घातला असता. पण प्रयोग चोख होता. सगळं तेच ठेवायचं होतं आणि त्यांनी सगळं तेच ठेवलं होतं.

"चूक माझी," नवरा म्हणाला. "मी म्हटलं एकच गोष्ट बदलायची."

"तू गप्प बस रे," नणंदबाई म्हणाल्या. "तुझी बाटली नाही ही."

त्यांनी दोन्ही पल्ले उचलले आणि एकावर एक ठेवले. मग चष्मा नाकावर खाली ओढून कडेकडेने बोट फिरवत गेल्या, खांद्यापासून घेरापर्यंत. रेघेवर रेघ. मुंढ्याचा बाक बाकावर. एका जागीही बोट अडखळलं नाही. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी स्वतः बोट फिरवलं, दुपारनंतरच्या नजरेवर भरवसा नव्हता म्हणून डोळे मिटून.

"आठवड्यांचं अंतर आहे या दोन कापांत?" त्यांनी विचारलं.

"हो," भिंगरी म्हणाली.

"मला जमलं नसतं."

"छान," काजवाली म्हणाली. "म्हणजे दोन्ही गोळ्या सारख्याच गुणाच्या. आता दोन डाव्या हातांचा माणूस शोधा."

कुणी हसलं नाही, मग मास्तर हसले, आणि त्यानंतर सगळ्यांना परवानगी मिळाल्यासारखं झालं. भिंगरीला मात्र हसू आलं नाही. ती नणंदेकडे बघत होती. दोन गल्ल्या पलीकडचा माणूस तिच्या डोळ्यांसमोर आपल्या पोटासह टेबलाला टेकून उभा होता.

नणंदबाई कपाटाशी गेल्या. आतून त्याच चौकडीच्या कापडाची एक घडी काढली.

"हे कुठून आलं?" नवऱ्याने विचारलं.

"मी गठ्ठ्यातून आधीच बाजूला काढून ठेवलं होतं. एका बाजूपुरतं." त्यांनी घडी टेबलावर ठेवली. "वीस वर्षं ओळखते मी हिला. घे. मास्तर उभेच आहेत. काप."

सगळ्यांनी भिंगरीकडे पाहिलं. कात्री टेबलावर होती. पूर्वीची भिंगरी असती तर तिने लाजेच्या मारे ती त्याच क्षणी उचलली असती, आणि घडीतून आणखी एक डावी बाजू काढली असती, किंवा मास्तरांच्या सदऱ्याचा कोपरा. आत्ताही हात निघालाच होता. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"आत्ता नाही," ती म्हणाली.

"काय?"

"आत्ता गोळी उतरलीय वन्सं. आत्ता माझा हात माझा नाही. उद्या सकाळी दहाला कापीन."

"आणि उद्या पुन्हा विसरलीस तर?"

भिंगरीने लाल खडू घेतला, कागदी खाका उचलला, आणि त्याच्या एका अंगाला एवढी मोठी फुली मारली की ती आरशापर्यंत दिसावी. "डावी कापताना फुली वर. उजवी कापताना फुली खाली. फुली दिसत असेल तर उजवीला कात्री लावायची नाही. हे गोळीचं काम नाही. हे खडूचं आहे."

नणंदबाईंनी फुलीकडे पाहिलं. मग टेबलाकडे, ज्यावर दोन डाव्या बाजूंची लव सांडली होती.

"दहाला कापणार ना?"

"हो."

"मग साडेनऊला ये," त्या म्हणाल्या आणि काउंटरकडे वळल्या. "टेबल पुसायचं असतं."

काजवालीने सुई खाली ठेवली. मास्तरांनी खांद्यावरचं फडकं काढलं, त्याची नीट घडी केली आणि भिंगरीच्या हातात दिलं. कायदा दुकानात सगळ्यांना माहीत होता. नवऱ्याला कायदा माहीत नव्हता. तो कुजबुजला, "म्हणजे टेबल मिळालं की नाही?" त्याला सगळ्यांनी एकदम गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी दहाला उजवी बाजू निघाली. फुली खाली होती. मास्तर कोट घालून मुलीकडे गेले. उन्हाळ्यातही घालतात असं कळतं. दोन गल्ल्या पलीकडच्या कटरला नणंदबाईंनी निरोप पाठवला की जागा भरली आहे. जास्तीची डावी बाजू दुकानात खिळ्याला टांगलेली आहे आणि नवे कारागीर तिच्याबद्दल विचारतात.

सबब, सदर महिला दुकानाच्या कटर या पदावर कायम झाली असून, तिची अवधानशक्ती योग्य औषधाने व योग्य मात्रेने समाधानकारक पातळीवर आणण्यात आली आहे. रक्तदाब ठीक, भूक ठीक, तपासणी वेळच्या वेळी. पूर्वीच्या वर्णनातील उणिवा निकालात काढण्यात आल्या आहेत असे समजण्यास हरकत नाही.

आज सकाळी साडेनऊला तिने टेबल पुसलं आणि टेप शोधायला लागली. टेप गळ्यात होती.